सिंगापुरात खोट सापडेना

चौथीताईस सहावीचा हात जोडून नमस्कार. (आपल्याकडे मोजणी दुसरीपासूनच, पहिली कुणी नसतेच. दुसरी आणि तिसरी देवाघरी गेल्यापासून थोरली तूच, म्हणून जोडले. खुशीने नव्हे.) गुडघ्याचं काय? बदकं अंडी घालतात की नुसतीच खातात, तुझ्या जावयासारखी? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडतेस मात्र तूच, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, दोन इयत्तांत याहून बरं येत नाही.

आपल्या नातीला, ख्वेला, सिंगापूरच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. मी म्हटलं, आधी मी शहर बघून येते, मग हो की नाही ते सांगते. तिची आई गेल्यापासून माझ्याकडेच वाढलेली पोर, एकटी राहणार. इथे सायगॉनमध्ये माझ्या कणीच्या भाताच्या गाडीसमोर महिन्याला दोन मोबाइल तरी उडतात. मागून स्कूटर येते, हात पुढे होतो, आणि गिऱ्हाईक कानाला नुसता तळवा लावून 'हॅलो, हॅलो' करत उभं. हे आपल्या घरचं, मग परक्या मुलखात काय असेल? खरं सांगते, खोट काढायलाच गेले होते.

वाटेत ख्वे आणि मी दोन दिवस बँकॉकला उतरलो. तिथल्या फळवालीने खुणेने सांगितलं, पिशवी पुढे घे. मला! (साठ वर्षं पिशवी पोटाशी धरून चालते आहे मी, वर खिशाला टाचणी.) राग आला, पण बाई चांगली. परक्या म्हातारीला सावध करणारं कुणीतरी त्या गावात आहे. चोरही आहेत, तेही मी मनात टिपून ठेवलं.

मग सिंगापूर. पहिल्याच दुपारी जेवणाच्या मोठ्या शेडमध्ये ख्वे रांगेत गेली, आणि शेजारच्या टेबलावर मला एक मोबाइल दिसला. नवाकोरा, एकटा, जवळ चिटपाखरू नाही. उठून तिथे बसले, मोबाइलवर पंजा ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारले. टाय लावलेला एक बाप्या टेकायला आला, त्याला माझी चप्पल दाखवली. पंधरा मिनिटांनी एक पोरगी शेवयांचा वाडगा घेऊन आली. तिला चांगली झाडली, "आईबापाने घेऊन दिलेली वस्तू अशी टाकतात का गं? मी नसते तर?" तेवढ्यात ख्वे धावत आली, लालबुंद. "आजी, ऊठ आधी! इथे जागा धरायला मोबाइल ठेवून जातात. तिला वाटतंय तू जागा बळकावलीस!"

ताई, जागा धरायला! आपण वीट ठेवतो, फार तर फाटकी टोपली.

मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी माझी पिशवी टेबलावर ठेवली, आत पाच लाख डोंग, तोंड उघडं, एका नोटेचं टोक बाहेर, आणि खांबामागे लपले. तास गेला. शंभर माणसं गेली. कुणी ढुंकून बघेना, शेवटी मलाच पिशवीचा अपमान वाटायला लागला. मग टेबलं पुसणारा म्हातारा आला आणि त्याने पिशवी उचलली. म्हटलं, सापडला! तर त्याने खालचं टेबल पुसलं, नोट आत सारली, पिशवी होती तिथे नीट ठेवली आणि पुढे गेला. माझे डोळे भरून आले वगैरे काही नाही, उगाच गावभर सांगत सुटू नकोस. पण जाऊन वाकून नमस्कार केला त्याला. घाबरला बिचारा.

रस्त्यातही तेच. आपल्या सवयीने हात वर करून गाड्यांच्या मधून चालायला लागले, तर वळसा घालायचं सोडून सगळ्या थांबल्या! एकाने तर खाली उतरून मला बरं नाही का म्हणून विचारलं.

दहा दिवस शोधलं, ताई. कॉफी बेचव करतात, एवढीच खोट. तेवढ्यावर पोरीला अडवता येत नाही. परतताना विमानात ख्वेला 'जा' म्हणून टाकलं.

तुझी सहावी,
न्यूंग

ता. क. 'जा' म्हटलं खरं, पण आता शब्द फिरवला तर तोंड कुठे दाखवू? थोरली तू आहेस. मिळेल त्या बसने ये आणि 'नाही' म्हण. कारण देऊ नकोस, थोरल्यांना लागत नाही. मी सगळ्यांदेखत तुझ्याशी कडाकडा भांडेन, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी हरेन.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि ख्वे काल गेलीसुद्धा. 'नाही' आता नको. बसने मात्र ये. हात अजून दोघींचाच भात लावतो, आणि रोज एवढा घातला तर शेजारचं कुत्रं माजेल. उशी तुझी तू आण. जास्तीची होती ती पोरगी घेऊन गेली.