न बोलावता आलेले

स्तोरनेस, १८ मे

प्रिय गुनवोरताई,

चार वल्ह्यांची होडी. तुझ्या स्वयंपाकघरातली कपाटं (तिरकं लागतं ते दार भावजींनी बसवलंय, मी नव्हे). आईची शवपेटी. आणि परवा, डाव्या हाताने, लोणी लावायची एक सुरी. कुणाकडे न शिकता मी एवढं केलं, आणि सुरी सोडली तर कशातच खोट काढता येणार नाही. सुरी सोबत पाठवतोय. पाव कापू नकोस तिने.

उजवा हात बरा आहे. म्हणजे कप धरतो, रंधा धरत नाही. ते असो. निकाल लागला.

ठेकेदाराच्या सुरुंगांनी दरड कोसळली, बेरग्लिओतबाई घरासकट गाडल्या गेल्या, आम्ही शेजारी फावडी घेऊन धावलो, त्यांना जिवंत बाहेर काढलं आणि त्यात माझं मनगट चिरडलं, हे तुला ठाऊकच आहे. बाईंची भरपाई त्याने मुकाट्याने कबूल केली. अडलं ते माझ्या मनगटावर. अग्निशमन दलाचा माणूस असता तर दिली असती म्हणे, हे आगंतुक.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला बोलावलं कुणी?"

"कुणी नाही. दुगनाड होता तो."

"म्हणजे गावाने मिळून करायचं फुकटचं काम. ज्याची मर्जी, त्याने यावं. मीही वसंतात आमच्या इमारतीच्या दुगनाडला पाचोळा झाडायला जातो. सक्ती कुठे असते?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आणि नाही गेलात तर?"

"एकदा नव्हतो गेलो."

"मग?"

"शेजारीण अजून बोलत नाही."

"बरोबरच आहे तिचं," मागून बेरग्लिओतबाई म्हणाल्या. न्यायाधीशबाईंनी त्यांना गप्प बसवलं, पण स्वतःचं हसू काही त्यांना आवरेना.

निकालात लिहिलंय: संकटात हाक तोंडाने मारावी लागत नाही. ज्याच्या चुकीने माणूस गाडला जातो, त्यानेच त्याला काढायला धावणाऱ्यांचंही भरून द्यायचं, अंगावर गणवेश असो वा नसो. मला दोन लाख चाळीस हजार क्रोनर मिळाले.

संध्याकाळी बेरग्लिओतबाईंनी सगळ्या गावाला वाफल घातले. वेलदोडा जास्त झाला होता. तसं मी सांगितलं.

"पुढच्या वेळी गाडलेलीच राहीन," म्हणाल्या.

तुझा, अजून कुठल्याही शेजारणीला तोंड दाखवता येईल असा भाऊ,
आस्लाक

ता. क. एक राहिलं, भावजींना वाचून दाखवू नकोस. निकालाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाने मला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. खटला मागे घ्या, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या जोखमीवर आलो होतो असं लिहून द्या, म्हणाला. तसं केलं असतं तर निकालच लागला नसता, आणि पुढच्या दरडीत फावडं उचलणाऱ्यालाही पुन्हा हेच विचारलं असतं, बोलावलं कुणी. मी नको म्हणालो. नऊ लाख क्रोनर देत होते.