ठरावाला अनुमोदक

१ सप्टेंबर २००२, रविवार. सकाळ.
पेपरात वाचलं, पृथ्वी तापतेय. कारण कोळसा आणि तेल. त्यांना पैसा कोण पुरवतं, तर बँका. म्हणजे मुळावरच घाव घालायला हवा. जन्मभर वाटूरच्या शाळेत सायन्स शिकवलं आणि इतकी सोपी गोष्ट सुचली नाही.
नवीन जालन्यातल्या नागरी बँकेचा मी सभासद. २९ तारखेला वार्षिक सभा. ठराव मांडणार: तेल-कोळशाच्या धंद्याला कर्ज बंद. सुरुवात अप्पारावच्या नव्या पेट्रोलपंपापासून. अप्पाराव माझाच विद्यार्थी, दोनदा नापास.
शारजाहून लेकाचा, संपतचा फोन नाही. लाइन मिळाली नसेल.

४ सप्टेंबर
मॅनेजरने ठराव वाचला आणि चहा मागवला. घाबरला असावा. म्हणाला, सर, सभेत अनुमोदक लागेल, एक माणूस तुमच्या बाजूनं उभा राह्यला पाहिजे. मला हसू आलं. एकच? अख्ख्या जिल्ह्यात माझे विद्यार्थी आहेत.
निश्चय: कुणाच्या दारात जायचं नाही. लोक आपणहून येतील.

९ सप्टेंबर
कुणी आलं नाही. उद्या गणपती, गडबड असते.
भाकरी करायला सोनूबाई येते, तिला ठराव वाचून दाखवला. म्हणाली, चांगलं लिव्हलंय सर, पण टाकी संपून राह्यली, जल्दी नंबर लावा. लावला. गॅसचा विषय दुसऱ्या टप्प्यात घेऊ.

१५ सप्टेंबर, रविवार
संपतचा फोन आला. शारजात तेल कंपनीत आहे, पण अकाउंट्सला. प्रत्यक्ष तेलाला हात लावत नाही. ठराव अर्धा ऐकवला, तेवढ्यात म्हणाला, बाबा, फोनचं कार्ड संपून राह्यलंय. दिवाळीला जमणार नाही म्हणाला. तसाही मी तेव्हा कामात असेन.

२१ सप्टेंबर
दोघांच्या दारात गेलो. विनंती करायला नव्हे, आठवण द्यायला. रामकिसन मास्तर म्हणाले, अप्पारावनं पोराच्या लग्नाला जीप दिल्ती, त्याच्याविरुद्ध कसं उभं राहू. दुसऱ्याने आतूनच सांगितलं, साहेब घरी न्हाईत. आवाज साहेबांचाच होता.
संसाराला उषा होती तेव्हा मी काहीही बोललो की म्हणायची, बराबर आहे. मला वाटायचं, माझंच बराबर असतं. आज मस्तगडच्या या दोन खोल्या फार मोठ्या वाटल्या.

२८ सप्टेंबर
भाषण पाठ. उद्या सभेला पायी जाणार. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.
ऑटोने गेलो. घामाघूम वक्ता बरा दिसत नाही.
सभा रीतीप्रमाणे झाली. अध्यक्ष विषय वाचतात, हॉल ‘मंजूर, मंजूर’ ओरडतो. शिक्षक पतसंस्थेच्या सभांमध्ये जन्म गेल्यामुळे मीही ओरडत होतो. सातव्या विषयाला तर माझाच आवाज सगळ्यांत मोठा. मग शेजाऱ्याने सांगितलं, तो विषय अप्पारावच्या पंपाच्या वाढीव कर्जाचा होता.
माझा ठराव ऐनवेळच्या विषयांत, म्हणजे शेवटी. तोवर बाहेर सभासदांना स्टीलचे डबे वाटायला लागले होते. मी उभा राहिलो, वाचला. छान वाचला. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक कोण. वळून पाहिलं तर रिकाम्या खुर्च्या. शेवटच्या रांगेत एकच हात वर. अप्पारावचा. म्हणाला, सर एकटेच उभे हैत, मंग मी देतो अनुमोदन.
कोरम नाही म्हणून अध्यक्षांनी ठराव सोडून दिला. तरी विरोधकांत फूट पडली, हे काही थोडं नाही.
अप्पारावने जीपमधून घरी सोडलं. मी नकार देणार होतो, पण माझा डबा त्याने आधीच घेऊन ठेवला होता. उतरताना म्हणाला, सर, सांजच्याला पंपावर येत जा, पोरं पुण्याला गेल्यापासून मी बी एकटाच बसून राह्यतो.
जाणार नाही.

३० सप्टेंबर
पंपावर गेलो होतो, पाहणीसाठी. दोन चहा झाले. माझं भाषण त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोनदा बराबर आहे म्हणाला. निघताना त्याने विचारलं, उद्या येता का.
मी मंजूर म्हणालो.