नासर्डीकाठचं बिननावाचं झाड

१० जानेवारी २००५, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. चांदवडहून सकाळच्या एसटीने आले. शरणपूर रोडवरचं ऑफिस लहान आहे, पण कॉम्प्युटर नवा आणि खिडकीशेजारचं टेबल माझं एकटीचं. शहरातल्या झाडांची गणना चालू आहे. फिरतीवरची माणसं फॉर्म भरून आणतात. एकाच झाडाला कुणी उंबर लिहितं, कुणी औदुंबर, कुणी गुलर. पान, साल, फूल, फळ भरलं की झाडाचं एकच शास्त्रीय नाव आपोआप यावं, असा प्रोग्राम मी करायचा. यादव सर म्हणाले, ज्योत्स्ना, हे तुला जमलं तर बाकीची शहरं तुलाच बोलावतील. मनातल्या मनात हुरळून गेले.

शेजारच्या टेबलावर मोहिनी बसते. दिंडोरीची, माझ्यासारखीच बॉटनीची एम.एस्सी. कमरेखाली जाणारी वेणी. घरच्या बागेतली द्राक्षं तिने सगळ्यांना वाटली.

१८ जानेवारी, मंगळवार

प्रोग्राम चालला. फॉर्मवर नुसतं 'अशोक' असलं तर तो फुलाचा रंग विचारतो आणि खरा अशोक, खोटा अशोक वेगळे करतो. सर खूश झाले. मग म्हणाले, मोहिनी, तू एकदा नजर टाक, म्हणजे निर्धास्त.

म्हणजे काम माझं आणि भरवसा तिच्यावर. तिने सगळं तपासून माझं कौतुकही केलं. त्याचाच जास्त राग आला.

२५ जानेवारी, मंगळवार

एका झाडाला प्रोग्राम नावच देत नाही. नासर्डी नदीच्या काठी, बंद पडलेल्या नर्सरीच्या मागे आहे ते. दुपारी एकटीच जाऊन पाहिलं. पान कदंबासारखं, पण कदंब नाही. साल गुळगुळीत, आणि सावलीतही कोमट. फांद्यांवर एक पाखरू नाही.

नर्सरी राखणाऱ्या फुलाबाईंनी कुंपणापलीकडूनच हटकलं. म्हणाल्या, "ताई, त्याच्यापाशी बसू नका. लय हावरं हाय ते. माझी नणंद जायाची बसाया. मग घरात कुणाशी बोलंना. एक दिवस आलीच नाय." पुरात वाहून गेली असेल बिचारी.

नवीच जात असेल तर? नाव मी देणार. ऑफिसात परतल्यावर त्याची नोंद कॉम्प्युटरमधून काढून टाकली. मोहिनीच्या नजरेला पडायला नको.

३१ जानेवारी, सोमवार

आता रोज दुपारी जाते. पाठ टेकली की बुंध्याच्या आत संथ ठोके जाणवतात. उठावंसं वाटत नाही. घरी आईला फोन करायचा राहतो, भूकही लागत नाही.

आज बुंध्याशी द्राक्षाचे देठ पडले होते. ताजे.

मोहिनीला विचारलं. तिने लपवलं नाही. शांतपणे म्हणाली, "मी तू यायच्या आधीपासून जाते. तू नको येत जाऊस."

तू नको येत जाऊस. मला म्हणते.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोहिनी कालपासून बेपत्ता. दिंडोरीहून तिचे वडील आले. टोपी हातात धरून माझ्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, ती काही बोलली का, कुठे जाते म्हणाली का. डोळे सुजले होते त्यांचे.

कुठे शोधायचं ते मला माहीत होतं. नाही म्हणाले. सांगितलं असतं तर माणसं आली असती, कुऱ्हाडी आल्या असत्या. झाडाला हात लागला असता.

पाणी तेवढं दिलं त्यांना.

५ फेब्रुवारी

गेले होते. भर दुपार, लख्ख ऊन.

बुंधा फुगलाय. माझ्या उंचीएवढा. सालीखाली खांदा, कोपर, गुडघा— डोळ्यांचा भास म्हटलं असतं. पण फटीतून वेणी बाहेर आली आहे. निम्मी. ओढून पाहिली. आतून कुणीतरी हळूच परत ओढली.

पळत सुटले. ओकले. फुलाबाईंनी हाताला धरून कुंपणापर्यंत आणलं. म्हणाल्या, गावी निघून जा, आजच.

७ फेब्रुवारी

एसटी स्टँडवर गेले. चांदवडची गाडी लागली होती. चढले नाही.

भीती वाटतेय. पण झोप भीतीने उडालेली नाही. तिचा चेहरा— काल पुन्हा जाऊन पाहिला, सालीतून उमटलाय तो— सुखात आहे.

तिलाच का?

मी रोज जात होते. मीही—

८ फेब्रुवारी

आज वेणी नाही. पूर्ण आत गेली.

बुंध्याला पाठ टेकून लिहितेय. ठोके आता दोन. एक त्याचा. एक तिचा. एका लयीत. असह्य होतं ते.

फुलाबाई कुंपणापलीकडून हाका मारताहेत. लांबून येतो आवाज.

पाठीमागची साल मऊ पडलीये. कोमट. डावा खांदा सुटत नाही. सोडवायचाही नाही मला.

आत जागा कमी आहे. तिचं कोपर लागतंय. ढकलतेय मला बाहेर— अजूनही—

सरक, मोहिनी. थोडी सर—