बगळ्याच्या पायातली तंगूस

प्रिय अमोल,

रोह्याला नीट पोचलास का, नवी शिफ्ट कशी आहे, साखरपुडा झालेल्या मुलीने एवढंच विचारावं. पण लग्नाची तारीख धरायची म्हणून बाबा रोज माझ्या तोंडाकडे बघतात आणि मला हो म्हणवत नाही.

तुझ्या मामांनी मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्याचं इंग्रजी पुस्तक आपण दोघांनी मिळून वाचलं होतं. उडत्या पक्ष्यासाठी फोकस एका जागी अडकवायचा नाही, सतत बदलता ठेवायचा. बटण अर्धं दाबायचं, मधला चौकोन पक्ष्यावर धरायचा आणि त्याच्यासोबत कॅमेरा फिरवायचा. तरी पक्षी निसटायचा आणि फोकस मागच्या तिवरांच्या झुडपांवर जाऊन बसायचा. रोल धुऊन आला तेव्हा सगुणाआत्या म्हणाली, "जावय पाखरांचे फोटू काढतंय, का तिवरांचे गो?" सगळ्यांबरोबर तूही हसलास. तेव्हा तू मला फार आवडलास.

मग तो बगळ्याचा फोटो आणलास. पीस न् पीस स्पष्ट. बाबांनी आल्यागेल्याला दाखवला.

परवा बाबांचा डबा घेऊन मिठागरावर गेले. पलीकडच्या बांधावरून घाण वास येत होता. तिथे एक खुंटी, खुंटीला मासे धरायच्या गरीची तंगूस, ती नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या टोकाला बगळा. दोरी पायात हाडापर्यंत रुतलेली. डोळ्यांत मुंग्या. बाबांबरोबर मिठागरावर काम करणारा कान्हूकाका म्हणाला, "तुज्या नवऱ्यानंच बांधलान. पाखरू लांब जात नाय, फोटू हालत नाय, बोलला. मना वाटला, मागून सोरून दिला आसंल." दोरीएवढंच अंतर, म्हणजे फोकस हलायलाच नको. मला कळलं आणि मी बांधावरच ओकले.

तरी वाटलं, एका माणसाच्या बोलण्यावरून ठरवू नये. म्हणून रामवाडीच्या बूथवरून तुला फोन केला. तू नाही म्हणावंस, निदान गप्प तरी व्हावंस, असं वाटत होतं. तू म्हणालास, "अगं, भरती चढत होती, घाईत राहिला. बगळाच तो!" आणि त्याच दमात, किती खुशीत सांगितलंस, की तोच फोटो आपल्या लग्नपत्रिकेवर छापायला पेणला दिलाय, तारीख ठरली की तेवढी घालायची.

ती दोरी बांधली त्याच बोटांनी तू मला अंगठी घातलीस, हे आठवलं की हात धुऊन येते.

काल पेणच्या छापखान्यात जाऊन पत्रिका थांबवली. फोटो बदलू म्हणशील, म्हणून स्पष्ट लिहिते, मी लग्नच थांबवलं आहे. अंगठी आत्या आणून देईल. बाबांना अजून माहीत नाही. मला त्यांची फार भीती वाटते आहे. हे पत्र वडखळला पेटीत टाकेन, म्हणजे माघार घेता येणार नाही, आणि मग घरी जाऊन सांगेन.

तुझी म्हणून हे शेवटचंच,
भूमिका