संध्याकाळचं माप, सकाळचं माप

वेलरटन, ओहायो
९ मार्च १९७८

ती. आर्डिसताईस, सा. न. वि. वि.

रॉयभावजींचा दमा तिकडच्या कोरड्या हवेत कमी झाला, हे वाचून बरं वाटलं. इकडे अजून बर्फ आहे.

तुझं माल-रवानगीचं टेबल ब्रुबेकरसाहेबांनी मला दिलं. तीन महिन्यांपुरतं, मग कायम करायचं की नाही ते ठरवतील. ट्रॅक्टरच्या सीटखालचे स्प्रिंगचे जोड तू एकावर एक ठेवायचीस. मी ते समोरासमोर बसवून, दाबून, वरून पट्टे आवळते. क्रेट पाच इंच बुटकं झालं. वजन तेवढंच, जागा कमी. त्यामुळे माल ट्रकभाड्याच्या शंभरच्या वर्गातून पंच्याऐंशीच्या स्वस्त वर्गात उतरला आणि भाडंही उतरलं. साहेब जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले की एकोणीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी मार्लिस

टूसॉन, ॲरिझोना
२० मार्च १९७८

चि. मार्लिसला अनेक आशीर्वाद.

साहेबांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू? ती एकोणीस वर्षं माझी होती. जत्रेत तुझ्या ॲपल-पायला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली तेव्हाही पीठ मीच मळलं होतं. तुझं नशीबच तसं, आयत्या पिठावर रेघोट्या.

उंची मोजताना खालचं लाकडी पॅलेटही धर, नवीन माणसं ते विसरतात. बाकी तू हुशार आहेसच. रॉय तुझी आठवण काढतो.

लोभ कमी झाला नाही, एवढं समज.
आर्डिस

वेलरटन
१४ एप्रिल १९७८

ती. ताईस, सा. न.

घात झाला. ट्रकवाल्यांच्या टोलेडोच्या आगारात तपासनिसाने माझी क्रेट्स पुन्हा मोजली. माझ्या मापापेक्षा पाच इंच उंच भरली. सात खेपा परत शंभरच्या वर्गात टाकल्या. गिऱ्हाईक चिडलं. साहेबांनी बजावलं की आणखी एक खेप अशी निघाली तर मी परत वेटोळी वळायच्या यंत्रावर. आणि टेबल त्यांच्या मेहुणीला! मी पॅलेटसकट नीट मोजलं होतं गं. मोजपट्टी खोटं बोलते का?

लवकर लिही, लोभाची आत्ताच गरज आहे.
मार्लिस

टूसॉन
१९ एप्रिल १९७८

चि. मार्लिस,

मोजपट्टी खरी आहे, खोटी मी आहे. दाबलेली स्प्रिंग रात्रभर झाकण ढकलत राहते, पट्टे ताणले जातात. माझे एकावर एक ठेवलेले जोडही झाकणाखाली थोडे दबायचेच, म्हणून मी क्रेट संध्याकाळी बांधून ठेवायची आणि सकाळी मोजायची. मागच्या पत्रात हे लिहिलं होतं. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. तुझी फजिती व्हावी असं वाटलं मला. सख्ख्या बहिणीबद्दल असं वाटलं.

रुंद पोलादी पट्टे वापर आणि सकाळी मोज. निम्मा फुगवटा राहील आणि साडेब्याण्णवचा वर्ग मिळेल. म्हणजे माझ्यापेक्षा तू सरसच.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.
आर्डिस

वेलरटन
२७ एप्रिल १९७८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल साडेब्याण्णवच्या वर्गात खेप गेली आणि टोलेडोहून एक शब्दही आला नाही. साहेबांनी टेबल माझ्याकडेच ठेवलं.

आता माझं ऐक. वजनकाट्याजवळच्या खांबावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. प्रत्येक क्रेटच्या दोन, एकीपुढे संध्याकाळ लिहिलंय, दुसरीपुढे सकाळ. मी त्या पहिल्याच आठवड्यात वाचल्या होत्या. मागच्या पत्रातला भोळेपणा उसना होता. सकाळपर्यंत थांबले असते, तर पंच्याऐंशीचा आकडा हातचा गेला असता आणि तुला तो कळवायचाच होता मला.

साहेबांनी विचारलं, सकाळी मोजायचं कुणाला सुचलं? जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तुझं नाव सांगितलं. सांगताना पोटात दुखलं.

लोभ ठेव. माझाही आहे, दुखतोय तरी आहे.
तुझी धाकटी,
मार्लिस