डावा डोळा मिटून

१० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या डोळ्याचं तुझ्या वहिनीनं तुला कळवलं. हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! आता खरं काय ते माझ्याकडून ऐक. डावा डोळा किंचित पुढे आला आहे. आरशासमोर पट्टी लावून मोजलं, तीन मिलिमीटर. त्या भुवईवर टाचणी टोचली तरी कळत नाही, आणि कधीकधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. वाचनालयातली जाड पुस्तकं चाळली. सायनस सुजलं आहे, बाकी काही नाही. शाळा सुटली म्हणून माझं वाचन सुटलेलं नाही.

कामावर तर काहीच त्रास नाही. रंधा मारल्यावर फळीची धार सरळ आली का ते बघताना सुतार एक डोळा मिटतोच. मी डावा मिटतो, की एकच दिसतं. तू शिवताना बाह्या उलट्या जोडू नकोस म्हणजे झालं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

१७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाह्या एकदाच उलट्या जोडल्या, त्याही तू शेजारी बसून अक्कल शिकवत होतास म्हणून.

वहिनी लिहिते, तू आता जेवतानाही डावा डोळा मिटतोस, जिना उतरतानाही. तुझी जुनी सवय म्हणून कोणाला संशय आला नाही, तुला स्वतःलाही नाही. दादा, तू धार बघत नाहीस, दोन दिसणं झाकतोयस. आणि सायनस सुजल्यावर टाचणी कळेनाशी होते का, तेही त्या जाड पुस्तकांत शोध.

सोमवारपर्यंत डॉक्टरकडे गेला नाहीस तर शिवणकाम बंद ठेवून तुझ्या कारखान्यात येईन आणि गिऱ्हाइकांसमोर भोकाड पसरीन. मला लाज नाही, हे तू जाणतोस.

रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गेलो. स्कॅन झाला, आतला तुकडा काढून तोही तपासला. कर्करोगाची गाठ आहे. भुवईकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या वेष्टणातून उगवली, म्हणून टाचणी कळत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी या जागी अशी गाठ याआधी एकदाच पाहिली होती. त्या माणसाचं काय झालं, मी विचारलं. तो उशिरा आला होता, एवढंच म्हणाल्या.

डोळा, पापण्या, खोबणीतलं सगळं काढावं असं त्यांचं मत. मी म्हटलं, नुसती गाठ काढा. त्या म्हणाल्या, तसं करता येईल, पण ही गाठ मज्जातंतू धरून मागे मेंदूकडे सरकते. एक धागा राहिला तरी पुन्हा वाढेल. गुरुवारी सांगायचं आहे. मी नुसत्या गाठीला हो म्हणणार. दिसणारा डोळा कोणी टाकून देतं का? तुझ्या वहिनीनं अबोला धरलाय. तू धरू नकोस.

तुझा दादा

४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

अबोला कसला, मी भांडणारच आहे. वहिनीला विचारलं. या वर्षी तुझं एकही दार, एकही कपाट दुरुस्तीला परत आलं नाही. ती सगळी तू एकाच डोळ्यानं केलीस. दुसरा तू केव्हाच सोडून दिलायस. आता तिथे गाठ तेवढी राहते आहे. तिच्यासाठी जागा राखून ठेवायची?

मला एकडोळ्या दादा चालेल. भिंतीवरच्या फोटोतला दोन डोळ्यांचा नको.

एवढं ऐक. मग आयुष्यभर तू सांगशील ते ऐकेन.
तुझी धाकटी

२९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ओळी तिरक्या गेल्या आहेत, हसू नकोस. डोळा मिटणं वेगळं आणि नसणं वेगळं; चहा ओतताना कप चुकतो, खिळ्याऐवजी बोट सापडतं. होईल सवय.

सगळं काढलं. काल तपासणीचा निकाल आला. कापलेल्या कडेला कुठेही गाठीचा अंश नाही. तरी किरणोपचार घ्यायचे आहेत. पुन्हा येणार नाही ना, मी तीनतीनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला नाही. मीही मग चौथ्यांदा विचारलं नाही.

घरी आल्यावरही आजवर पट्टी नर्सच येऊन बदलत होती. हिला मी खोलीबाहेर बसवत असे. आज हिनं ऐकलं नाही. पट्टी काढली, टॉर्च धरला आणि आत बघत राहिली. शेवटी म्हणाली, काम इतकं स्वच्छ आहे की तुम्हालाही खोड काढता येणार नाही. मग नवी पट्टी चिकटवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

ये. हिला तुझी गरज आहे. मलाही.
तुझा दादा