पाय टेकव

खाडीपाडा, डहाणू
१४ जून २०२५

मिथुन,

वर ‘प्रिय’ लिहायचं म्हणून पेन टेकवलं, पण लिहवेना. शाळेत बाईंनी तीर्थरूप कुणाला नि प्रिय कुणाला ते पाठ करून घेतलं होतं. आपल्यासारख्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, तेवढ्यावर भागव.

तुझ्या घरी सगळे बरे असतील. आईबाबांना माझा नमस्कार सांग. तुमच्याकडे भाताचं बी टाकून झालं असेल, वरच्या माळावर नाचणीही पेरली असेल. तू घरीच आहेस, कंपनीत परत गेला नाहीस, हे नविनकडून कळलं. शेतात तरी उतरतोस की तिथेही खाटेवर पडून असतोस? तुझ्या आईला एकटीने नांगरामागे चालायला लावू नकोस एवढंच सांगते.

तुझा फोन लावला की ती बाई बोलते, आपण संपर्क करत असलेला क्रमांक बंद आहे. रोज तिच्याशीच बोलणं होतं. तुझ्यापेक्षा तिचीच ओळख जास्त झाली आहे. शेवटी वही फाडून लिहायला बसले. नविन टेम्पो घेऊन चारोटीवरून तलासरीला माल टाकायला जातो, त्याच्या हातात हे देते आहे. तुझ्या हातात पडल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला बजावलंय. तू आत लपलास तर तो ओट्यावर बसून राहील आणि तुझ्या आईच्या हातचा चहा पीत राहील. त्याला तसं बसता येतं, तुला माहीतच आहे.

इकडचं सांगायचं तर, बाबा कामाला जायला लागलेत. वीटभट्टी बंद झाली, आता स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगच्या कामावर आहेत. घरी येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी वाडीत चिकू निवडायला जाते. मोठे एका खोक्यात, बारके दुसऱ्यात, डाग पडलेले बाजूला. हाताला काम असलं की बरं असतं. तिथल्या बायका आधी माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या, आता नेहमीसारख्या बोलतात. तुमच्यातला लाहू दोनदा येऊन गेला. येतो, जीवनच्या फोटोसमोर बसतो, उठून जातो. तो तरी येतो.

हे सगळं मी लिहिते आहे कारण आईचं लिहायचं टाळते आहे.

तू आयटीआयला आमच्याकडे राहायला आलास ते आठवतं तुला? डोंगरातला मुलगा, पाणी म्हटलं की विहिरीत वाकून बघायचं एवढंच माहीत. आई ओहोटीला चिंबोऱ्या धरायला निघाली की आम्ही भावंडं, जीवन नि मी, मागे आणि तू काठावर चपला सांभाळत उभा. एकदा आईनेच तुझा हात धरून तुला खाडीत नेलं. तू घसरलास, आडवा झालास, हातपाय झाडायला लागलास आणि बरंच पाणी प्यायलास. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. “पाय टेकव, पोऱ्या,” म्हणाली. “आधी पाय टेकव.” तू टेकवलास आणि उभा राहिलास, तर पाणी छातीपर्यंतच. आम्ही किती हसलो होतो. तूही हसलास, नाकातून पाणी काढत.

आमच्या पाड्यातली पोरं बोलायला शिकायच्या आधी हेच शिकतात. आई सांगते, खाडीत माणूस खोल पाण्याने मरत नाही, आडवा होऊन धडपडल्याने मरतो. पाय टेकवला की वाचला. जीवन रांगत होता तेव्हापासून ते त्याच्या कानावर होतं. मग तर ते आपल्या घरातलं बोलणंच झालं. जीवनची गाडी चारोटीच्या वळणावर घसरायला लागली तेव्हा मागून तू तेच ओरडलास. तुझा पेपर राहिला तेव्हा जीवनने तुला तेच सांगितलं. आपली सुपारी फुटली त्या दिवशी मी घाबरले होते, तर आई माझ्या कानात तेच म्हणाली होती.

तुम्ही कोलाडला निघालात त्या सकाळी जीवन किती खूश होता. तंबूत झोपायचं, शेकोटी करायची, बोटीतून उसळत्या पाण्यात जायचं. “मिथुनचं लग्न झालं की तू त्याला कुठे सोडणार आहेस, म्हणून आत्ताच नेतो,” असं मला चिडवून गेला. मी तांदळाच्या भाकरी नि सुकटीची चटणी बांधून दिली होती. ती तुम्ही वाटेतच संपवलीत, हे नंतर लाहूने सांगितलं.

पुढचं सगळं मला नविनने सांगितलं. तू काहीच सांगितलं नाहीस. तू मयताला आलास, फणसाच्या झाडाखाली लांब उभा राहिलास आणि माती देऊन झाल्यावर कुणाशी न बोलता निघून गेलास. दिवसकार्यालाही आला नाहीस. पाड्यात लोक म्हणाले, बिचारा, भाऊ गेल्यासारखं झालंय त्याचं. काही म्हणाले, जावई पळाला. मी दोन्ही ऐकून घेतलं.

नविन म्हणाला, बोटीत बसायच्या आधी गाइडने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. कुणी पडलं तर पाठीवर झोपा, पाय वर ठेवा, पुढे ठेवा, उभं राहायला जाऊ नका, खाली दगड आहेत, पाय अडकेल. जीवन म्हणाला होता, हा आम्हाला पाणी शिकवतो, आणि तुम्ही सगळे हसलात. नविन हेही म्हणाला की धरणाचं पाणी बंद केल्यावर संध्याकाळी तिथे गुडघाभरच पाणी उरलं होतं. जीवनचा पाय अडकला तो दगड सगळ्यांनी बघितला. मी त्याला म्हटलं, पुरे, पुढचं सांगू नकोस.

तू काय ओरडलास ते मात्र नविनने सांगितलं नव्हतं. तो चांगला मुलगा आहे. ते मला व्हिडिओवरून कळलं.

गाइडच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. पोलिसांचं सगळं आटोपल्यावर कॅम्पवाल्यांनी तो व्हिडिओ नविनला पाठवला आणि त्याने तो मला दिला. मी आईला सांगणार नव्हते. पण आईला कळलंच. “माझा पोऱ्या त्यात बोलतो का?” एवढंच तिने विचारलं. बोलतो म्हटलं. मग तिला नाही कसं म्हणणार होते मी? तिने बघितला, फोन कानाला लावून पुन्हा ऐकला, नि माझ्या हातात परत दिला. “हे मिथुन नाही बोलला,” म्हणाली. “हे मी बोलले.”

त्या दिवसापासून ती अशी झाली आहे. आधी रडायची, भांडायची, देवाला शिव्या द्यायची. आता त्यातलं काही नाही. पेज घेते, तीही मी समोर बसून राहिले तर. मागच्या आठवड्यात मी तिला बळेबळे खाडीवर नेलं. शेजारच्या गंगीची धाकटी आमच्यासोबत होती, तुला चिकटायची तीच. ती पुढे गेली आणि घसरली. आईपासून हातभर लांब, पाणी तिच्या गळ्यापर्यंत. पडल्या पडल्या आडवी झाली नि धडपडायला लागली. आई नुसती उभी राहिली, मिथुन. तिचं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांत किती पोरांना तिने ते सांगितलं असेल, पण त्या वेळी तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. मी धावत जाऊन पोरीला उचललं. पोरगी ठीक आहे, थोडं पाणी प्यायली. पण आता गंगी तिला आमच्या घरी पाठवत नाही.

आईने टोपली तिथेच टाकली आणि घरी आली. त्यानंतर ती घराबाहेर पडलेली नाही. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि बोलतं ठेवा म्हणाले. काय बोलतं ठेवू? ती एकच बोलते. “मिथुन का येत नाही? माझ्यावर रागावलाय का?”

म्हणून हे पत्र आहे.

तू काय समजून बसला आहेस ते मला ठाऊक आहे. तुला वाटतं, तिला तुझं तोंड बघायचं नसेल. तिला वाटतं, तुला तिचं बघायचं नाही. तिने तुला जे शिकवलं त्याने जीवन गेला आणि म्हणून तू तिला टाकलंस, असं तिने मनात धरलंय. मी हजार वेळा सांगितलं, तसं नाही. माझं ती ऐकत नाही. मी तिची मुलगी, मी तसंच म्हणणार, असं म्हणते. हे तिला फक्त तूच सांगू शकतोस. ये, तिच्यासमोर बस, आणि तिच्या हातचं जेव. फार बोलू नकोस, तुला ते जमतही नाही. पण जेव. नाही आलास तर ती आणखी एक पावसाळा काढेल असं मला वाटत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तिचा हात धरून बघितलास की तुलाच कळेल.

इथे थांबणार होते. कागद घडी करून ठेवलाही होता. पण हे पोटात ठेवून मला जगता येणार नाही, आणि तुझ्याशी खोटं मी कधी बोलले नाही.

जीवन पाण्यात पडला तेव्हा तू बोटीत पुढे बसला होतास. पाण्याच्या फेसात तुला नुसतं त्याचं डोकं दिसलं असेल, आणि तो बुडतोय असंच वाटलं असेल. व्हिडिओत ते स्वच्छ दिसतं. तो बुडत नव्हता, मिथुन. हसला होता गाइडला, पण ऐकलं होतं त्याचं सगळं. पाठीवर होता, पाय वर केलेले, आणि तुमच्या बोटीकडे हात हलवत होता. हसत होता. मग तुझा आवाज येतो. तो वळतो आणि पाय खाली सोडतो. त्याने दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. ते आईचं बोलणं होतं आणि तुझा आवाज होता, म्हणून त्याने लगेच ऐकलं.

तू मुद्दाम केलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच ओरडले असते. कुणीही विचारलं तर मी देवासमोर उभी राहून हेच सांगेन. पण मला तुझा राग येतो. खूप येतो. व्हिडिओ लावला की दर वेळी वाटतं, या वेळी तरी तू गप्प बसशील. तुझ्याशी लग्न केलं तर तू मला पाणी आण म्हणशील, दार लाव म्हणशील, पोरांना हाका मारशील, आणि मला जन्मभर तो एकच आवाज ऐकू येत राहील. ते माझ्याने होणार नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, तो कुठे गेलेला नाही. असता तर बरं झालं असतं, म्हणजे गेला असता तर. बघ, मला नीट लिहिताही येत नाहीये.

सुपारीच्या दिवशी तुझ्या आईने मला नेसवलेली साडी नविनजवळ पिशवीत देते आहे. याचा अर्थ काय ते त्या समजतील. माझ्यात नि त्यांच्यात काही वाकडं नाही हे त्यांना सांग. मीही कधी तरी येऊन त्यांच्या पाया पडेन, पण आत्ता नाही.

आईला हे कळू देऊ नकोस. तिला मुलगा राहिला नाही, निदान जावई आहे एवढ्यावर ती टेकली आहे. तू आलास की जावई म्हणूनच ये. तिने लग्नाचं विचारलं तर दिवाळीनंतर बघू म्हण. ती बरी झाली की मी माझ्या तोंडाने तिला सांगेन, ते माझं काम.

सोमवारी नविन टेम्पो घेऊन पुन्हा तलासरीला येईल, त्याच्यासोबतच निघ. त्या दिवशी मी सकाळीच बोर्डीला मावशीकडे जाणार आहे. आईला सांगितलंय, मावशीची तब्येत बरी नाही. मी परत यायच्या आधी तू निघून जा. आणि आईशी बोलताना मोठ्याने बोल. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

जीवनची बहीण,
दक्षा